सत्तेचाळीस नंबरचा घोडा

“मुकी हाय वाटतं. नको विचारू तिला.”

हे माझ्याबद्दल होतं. शहापूरहून किन्हवलीला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मला तीनदा विचारलं होतं, कोणाकडे चाललीस. तिन्ही वेळा मी नुसती हसले होते. शेवटी मागच्या सीटवरच्या त्यांच्या जावेनं निकाल दिला. तिच्या आवाजात इतकी दया होती की तो निकाल फिरवणं मला बरं वाटेना. शिवाय त्यासाठी काहीतरी बोलावं लागलं असतं. शेजारच्या बाईंनी पिशवीतून एक पेरू काढून माझ्या हातात ठेवला आणि खाण्याची खूण केली. मीही खुणेनंच आभार मानले आणि पुढचा पाऊण तास मुकी राहिले. इतका निवांत प्रवास मी आजवर केलेला नाही.

गंमत अशी की मी किन्हवलीला फक्त बोलायला चालले होते. दुसरं काही काम नव्हतं. तेरा वर्षांपूर्वी जे बोलायला हवं होतं आणि बोलले नव्हते, ते एका माणसाला सांगायचं आणि परत यायचं. घरी मी ‘म्हशाची जत्रा बघायला जाते’ असं सांगितलं होतं. तेही खोटं नव्हतं, कारण मुरबाडजवळच्या म्हसा गावची ही बैलांची जत्रा खरोखरच त्याच आठवड्यात होती.

आता गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते, म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच. भोकाभोवतीच्या अगदी बारीक कातरलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. तिथे एकाचा चेंडू दुसऱ्याच्या वाटेत आला की तो उचलायचा आणि त्याच्या जागी एक चपटी चकती ठेवायची. दुसऱ्याचा फटका झाला की चेंडू पुन्हा त्या जागी ठेवून चकती खिशात टाकायची. ही चकती म्हणजे मार्कर. रुपयाच्या नाण्याएवढी, पितळेची, पत्र्याची नाहीतर प्लास्टिकची, आणि वर क्लबचं चिन्ह. माझे बाबा तीस वर्षं हे मार्कर जमवत होते.

सुरुवातीला ते कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्यांत असायचे. डबे वाढले तसे ते आईच्या होमिओपॅथीच्या पेटीत गेले आणि आईच्या गोळ्या स्वयंपाकघरात आल्या. मग बाबांनी सुताराकडून एक कपाट करून घेतलं. त्याला बारा उथळ खण, प्रत्येक खणात हिरवी लोकर, लोकरीत गोल खळगे, प्रत्येक खळग्याखाली नंबर. नंबरावरून वहीत बघितलं की क्लबचं नाव, कोणाबरोबर खेळले आणि त्या दिवशी हवा कशी होती ते कळायचं. पावसाळ्यात दमट हवेनं पितळ काळं पडू नये म्हणून बाबा बुटांच्या खोक्यांतल्या त्या छोट्या पांढऱ्या पुड्या जमवत. शेजारी कोणी नवे बूट आणले की मला पुडी मागायला पाठवत, आणि मी दारापर्यंत जाऊन बेल न वाजवता परत येत असे. एवढी काळजी डाळींची घेतली असती तर कधी कीड लागली नसती, असं आई म्हणायची.

संग्रह वाढला कसा, हे आमच्या घरात फार खोलात जाऊन कोणी विचारत नसे. काही मित्रांनी परदेशातून आणले होते. उरलेले बरेचसे, बाबांच्या शब्दांत, ‘खिशात राहिले’ होते. पाहुणा म्हणून एखाद्या क्लबात खेळायला जावं, तिथला मार्कर वापरावा आणि तो खिशात राहावा. घरी आल्यावर बाबा तो धूत, पुसत, नंबर देत. हाच मार्कर कॅडीच्या खिशात राहिला असता तर त्याला वेगळा शब्द होता.

कॅडी म्हणजे साहेबाची बॅग वाहणारा माणूस. बाबांची बॅग वाहायचे गोविंदकाका. ते किन्हवलीचे, पण वीस-बावीस वर्षं मुंबईत क्लबाजवळच्या एका खोलीत चौघांबरोबर राहिलेले. मला दर रविवारी क्लबात नेलं जाई, कारण मोकळ्या हवेनं मी बोलायला लागेन असं कोणा डॉक्टरांनी सांगितलं होतं. हवेनं काही झालं नाही. गोविंदकाकांशी मात्र मी बोलायचे, कारण ते उलट प्रश्न विचारत नसत. ते ग्रीनवर उकिडवे बसून एक डोळा मिटून जमिनीचा उतार बघत आणि बाबांना लाइन, म्हणजे चेंडूची वाट, सांगत: दोन वीत डावीकडे. चेंडू तसाच वळत जायचा. आमच्या घरात कोणीच कोणाचं ऐकत नसे, पण बाबा गोविंदकाकांचं ऐकत.

एका रविवारी त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या देवघरातल्या खंडोबाच्या टाकावरचा घोडा गेलाय. टाक म्हणजे देवाची चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली छोटी प्रतिमा. पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून घोडा सपाट झाला होता आणि देव नुसताच हवेत बसल्यासारखा दिसत होता. मला लगेच सत्तेचाळीस नंबर आठवला. बाबा कंपनीच्या कामानं एकदाच स्कॉटलंडला गेले होते, तिथल्या एका म्हाताऱ्या खेळाडूनं त्यांना दिलेला मार्कर. त्यावर भाला घेतलेला घोडेस्वार होता. अख्ख्या कपाटातला तो एकच मार्कर खिशात राहिलेला नव्हता, खरोखर भेट मिळालेला होता.

पुढच्या रविवारी सकाळी मी तो गोविंदकाकांना दिला. बाबांनी दिलाय, असं सांगितलं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

त्याच दिवशी दुपारी क्लबाच्या कपाची अंतिम फेरी होती. बाबा सोळाव्या ग्रीनवर चुकलेल्या एका फटक्यानं हरले. घरी येऊन त्यांनी, दुःख झाल्यावर ते नेहमी करत तसं, मार्कर पुसायला घेतले. सत्तेचाळीसचा खळगा रिकामा होता. त्यांनी आईला विचारलं, मला विचारलं. मी नाही म्हटलं. दर रविवारी बॅग वर आणून त्या खोलीत चहा पिणारा घराबाहेरचा माणूस एकच होता.

बाबा कोणालाही काही बोलले नाहीत. आमच्या घरात आरोप करायची पद्धत नव्हती; आम्ही नुसती माणसं बदलायचो. पुढच्या रविवारी बॅग दुसऱ्या कॅडीकडे होती. एका साहेबानं सोडलेला माणूस दुसरे साहेब घेत नाहीत, का ते विचारतही नाहीत. सहा महिन्यांनी गोविंदकाका गावी गेले, असं कानावर आलं.

या हिवाळ्यात क्लबानं बाबांचा संग्रह काचेच्या कपाटात मांडायचं ठरवलं. बाबांनी यादी सांगितली, मी संगणकावर उतरवून घेतली. सत्तेचाळीसपाशी आल्यावर ते थांबले. खळगा रिकामाच ठेवायचा, म्हणाले, संग्राहकानं प्रामाणिक असलं पाहिजे. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, लिही, चोरीस गेला, कॅडीकडून. मी लिहिलं. माझं टायपिंग चांगलं आहे, एकही चूक झाली नाही.

किन्हवली, पहिला दिवस

क्लबातल्या जुन्या माणसाकडून मिळालेला पत्ता एवढाच होता: स्टँडवर उतरून गोल्फवाला विचारा. मला विचारावं लागलं नाही. मी उतरून इकडेतिकडे बघत उभी राहिले तर एक दुकानदार आपणहून म्हणाला, गोल्फवाल्याकडं का? मागच्या आळीत, पेंढ्याच्या दोन उडव्या लागल्या की डावीकडं. शहरी बाई किन्हवलीत एकटी उतरली की तिचं दुसरं काय काम असणार, असा त्याचा हिशोब असावा.

भात कापून झालेली शेतं दोन्ही बाजूंना पिवळी पडली होती. काही वाफ्यांत वाल हिरवा होता. मी मनात भाषण घोळवत चालले होते. ते आधी इंग्रजीत लिहिलं होतं आणि मग मराठीत केलं होतं. त्याची सुरुवात ‘मी एका जुन्या गैरसमजाचं निराकरण करू इच्छिते’ अशी होती. मोठ्यानं म्हणून बघितल्यावर ते नगरपालिकेच्या नोटिशीसारखं वाटलं.

गोविंदकाका अंगणात उकिडवे बसले होते, एक डोळा मिटून. डोक्यावर क्लबाची टोपी, रंग उडालेली. अंगण नुकतंच शेणानं सारवलेलं, मधोमध पत्र्याचा डबा पुरलेला आणि हातात कोणा साहेबानं टाकून दिलेला पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी. त्यांनी मला बघितलं आणि अजिबात न दचकता म्हणाले, “बेबी ना? उंच झालीस. तिकडून ये, ग्रीनवर पाय नको देऊ.”

ते ग्रीन यमुनाकाकींनी सारवलेलं होतं आणि त्यावरून नवरा-बायकोत रोजचा वाद होता. काकी सवयीनं उजवीकडून डावीकडे हात फिरवत, त्यामुळे चेंडू डावीकडे ओढला जातो, अशी काकांची तक्रार. काकींनी मला पाण्याचा तांब्या देता देता आपली बाजू मांडली. “मी पंचवीस वर्सं हात असाच फिरवते. चेंडूला सांगा सुधरायला.”

आमच्याकडे पाहुण्याला ‘चहा घेणार?’ असं विचारतात, पाहुण्यानं एकदा नको म्हणायचं असतं, मग दुसऱ्यांदा विचारलं की चालेल म्हणायचं. इथे ती परीक्षाच नव्हती. ताट आलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी. चटणीनं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा काकींनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि घास थोडा लहान घे, असं सांगितलं. चोविसाव्या वर्षी.

गोठ्यात दोन बैल होते. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हशाच्या जत्रेला न्यायचं होतं, विकायला नाही, नुसतं मिरवायला. त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यांवर गोंड्यांच्या मधेमधे मी जे बघितलं त्यानं मला हसू आवरेना. मार्कर. पन्नास-साठ तरी असतील. ग्रीनवर विसरलेला मार्कर काका त्या साहेबाला नेऊन देत. ज्याला कोणी आपला म्हणत नसे तो एका रुमालात बांधून ठेवत. गावी आल्यावर काकींनी त्यांना भोकं पाडून ते पट्ट्यांवर शिवले. दमट हवेची पर्वा नाही, नंबर नाही, वही नाही. दिल्लीचा क्लब, बंगळूरचा क्लब, श्रीलंकेचा एक, सगळे शेण आणि पेंढ्याच्या वासात छान चकाकत होते. बाबांना ज्या क्लबांचं सदस्यत्व कधी मिळालं नाही, तिथे हे बैल सहज जाऊन आल्यासारखे दिसत होते.

घोडेस्वार त्यांत नव्हता. तो देवघरात होता. काकींनी मला आत नेऊन दाखवला. सपाट झालेल्या खंडोबाच्या शेजारी सत्तेचाळीस नंबर, हळदीनं इतका माखलेला की आधी ओळखू आला नाही. मी पुस्तकी कुतूहलानं, फार हळू आवाजात विचारलं की हा तुम्हाला खंडोबाच वाटतो ना. काकींनी माझ्याकडे बघितलं, मघाशी एसटीतल्या जावेनं बघितलं होतं तसं.

“आमाला काय देव कळत नाय? हा लोखंडी टोपीवाला कोन हाय कोनास ठाव. घोडा आमचा, वरचा मानूस साहेबांचा. म्हनून वरच्याला हळदीत बुडवते.”

मग त्या म्हणाल्या की चंपाषष्ठीला त्याला दुधानं आंघोळ घालतात, आणि पहिल्या वर्षी तो आला तेव्हा सासूबाईंनी आधी साहेबांच्या नावानं हात जोडले, मग देवाच्या.

मी भाषण सुरू करणार होते ते तिथेच गिळलं. अंगणात आले तर काकांनी सारवलेल्या जमिनीवर काठीनं रेघ ओढून ठेवली होती. सोळावं ग्रीन, म्हणाले. इथं साहेबांचा चेंडू, इथं भोक, असा उतार. मी लाइन दिली दोन वीत. चेंडू भोकाच्या काठावरून फिरून बाहेर. त्यांनी चेंडू ढकलून दाखवला. डब्याच्या काठाला लागून तो बाहेर आला, जणू तेरा वर्षं त्याला हेच शिकवलं होतं.

“सकाळी साहेबांनी देवाचा घोडा दिला,” ते म्हणाले, “आन दुपारी मी त्यांचा कप घालवला. दीड वीत पायजे होती. सोडतील नायतर काय करतील?”

मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांना चोरीचं काहीच माहीत नव्हतं. बाबांनी आरोप इतक्या सभ्यपणे केला होता की तो आरोपीपर्यंत पोचलाच नव्हता. तेरा वर्षं मी ज्या कलंकाखाली हा माणूस दबलेला समजत होते, तो फक्त आमच्या घरात आणि आता क्लबाच्या यादीत होता. ते दबले होते भलत्याच गोष्टीखाली.

म्हणजे मी खरं सांगितलं तर काय होणार होतं? मी त्यांना एक नवीन बातमी देणार होते, की तुम्हाला चोर समजलं गेलं, आणि तुमच्या देवघरात चोरीचा माल आहे, त्याला तुम्ही दुधानं आंघोळ घालता. मी गप्प बसायला इतकं चांगलं कारण मला याआधी कधी मिळालं नव्हतं. रात्री मी अगदी शांत झोपले.

म्हसा, दुसरा दिवस

बैल टेम्पोत, आम्ही दोघं जीपमध्ये. किन्हवलीहून सरळगाव, तिथून मुरबाड, पुढे म्हसा. काकी आल्या नाहीत. जत्रेतली धूळ त्यांना सोसत नाही आणि जत्रेतले नवऱ्याचे मित्र त्याहून नाही.

म्हशाची जत्रा म्हणजे मैलभर बैल. धुळीत मागे सिद्धगड-गोरखगडाचे सुळके अंधुक दिसत होते आणि पुढे शिंगंच शिंगं, कुणाची रंगवलेली, कुणाला गोंडे लावलेले. गोडी शेव, पाळणे, घोंगड्यांची रांग. मी एक घोंगडी घेतली आणि लगेच अंगावर टाकून बघितली. पुढचा तासभर मी जत्रा मान खाजवत बघितली. काकांनी मला चपला सांभाळायला सांगितलं होतं. मी दोन्ही हातांनी पर्स सांभाळली आणि एक चप्पल गर्दीत गेली. मग रबरी स्लिपर घेतल्या, एक माप मोठ्या, आणि सबंध दिवस बदकासारखी चालले.

मला सगळ्यांत आवडला तो बैलांचा सौदा. गिऱ्हाईक आणि दलाल एकमेकांचे हात उपरण्याखाली धरतात आणि बोटं दाबून भाव करतात. तोंडानं एक अक्षर नाही. चेहरे दोघांचे आभाळाकडे. असा बाजार माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. मी तिथे खूप वेळ उभी राहिले आणि विचार केला की गोविंदकाकांचा हात उपरण्याखाली धरून बोटांनी सगळं सांगता आलं असतं तर.

आमच्या बैलांभोवती मात्र आवाज होता. लोक पट्ट्यांवरच्या चकत्या बघायला थांबत आणि काका प्रत्येक चकतीची माहिती देत, कुठला क्लब, कसलं ग्रीन. मग त्यांचे मित्र आले, साठीचे दोघे-तिघे, आणि टिंगल सुरू झाली. एकानं विचारलं, तो कप संपला का नाय अजून. दुसरा म्हणाला, दोन वीत का दीड, ते ठरवून टाक एकदाचं. काका हसले आणि बैलाच्या पट्ट्यावरचा गोंडा सारखा करत राहिले. त्यांतला बुटका होता त्यानं मला आपणहून सांगितलं की गोविंदाची नजर म्हणजे काय होती. मुंबईहून सुट्टीवर आला की पंचक्रोशीतली माणसं त्याला शेतावर न्यायची, बांध कुठं फोडायचा, पाणी कुठून कुठं जाईल ते विचारायला. तो उकिडवा बसून बघायचा आणि काठीनं रेघ मारायचा, पाणी त्या रेघेवरून जायचं. आता बोलवायला गेलं तर येत नाही. माझी लाइन चुकते, म्हणतो.

“सोताच्या शेतातपन भावाला इचारतो,” तो बुटका म्हणाला. ही टिंगल नव्हती.

दुपारी आम्ही एका झाडाखाली भाकरी सोडली. मी ठरवलं की अर्धं सांगायचं, जे सांगायला सोपं आणि ऐकायला गोड ते. बाबा त्या संध्याकाळी घरी आल्यावर, खण उघडण्याआधी, आईला म्हणाले होते की गोविंदची लाइन बरोबर होती, माझाच हात थरथरला, मी चेंडू भलतीकडे ढकलला. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ते मी काकांना सांगितलं. सलग तीन वाक्यं. मला स्वतःचा अभिमान वाटला.

काकांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला. मग त्यांनी एकच विचारलं.

“मंग सोडलं कशापायी?”

मी भाकरीकडे बघितलं. याचं उत्तर एकच होतं आणि ते उरलेल्या अर्ध्यात होतं. काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ते म्हणाले की तू लहानपणापासून मायाळू, मन राखायला बोललीस, पण साहेब असा उगाच माणूस सोडणाऱ्यांतले नव्हते. साहेबांवरचा विश्वास टिकवण्यासाठी त्यांनी स्वतःची नजर देऊन टाकली होती. माझं अर्धं खरं त्यांना खोटं वाटलं, आणि मी दिलेलं पूर्ण खोटं त्यांच्या देवघरात होतं.

संध्याकाळी परत येताना जीपमध्ये ते मला बाबांच्या तब्येतीचं विचारत होते.

परतीची एसटी

सकाळी काकींनी माझ्या पिशवीत नवे तांदूळ आणि वालाच्या शेंगा भरल्या. नको म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत पिशवीला गाठ बसली होती. काका मला स्टँडवर सोडायला आले. मी मनात अशी योजना केली होती की एक पाय एसटीच्या पायरीवर ठेवून सगळं सांगायचं आणि लगेच आत जायचं. गाडी सुटेल, त्यांचा चेहरा मला बघावा लागणार नाही. भ्याडपणाचं असं वेळापत्रक मी फार बारकाईनं आखते.

शहापूरची गाडी लागली. मी पायरीवर पाय ठेवला. पण बोलायला सुरुवात केली ती काकांनी. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

“बेबी, साहेबांना येक सांग. गोविंदानं माफी मागितलीय म्हनावं. तोंडावर मागायची हिंमत झाली नाय तवा. लाइन चुकली माझी.”

आतून कंडक्टर म्हणाला, चला ताई, आत व्हा. मी आत झाले नाही. तांदळाची पिशवी खांद्यावरून घसरत होती. मला ती यादी दिसली, सत्तेचाळीस आणि पुढे तीन शब्द, आणि तिच्या शेजारी ही माफी, मीच घेऊन चाललेली. ही मी घरी नेली असती तर बाबांनी ती स्वीकारली असती. मान हलवून म्हणाले असते, शेवटी कबूल केलं म्हणायचं.

मी पायरीवरून खाली उतरले. कंडक्टरनं घंटीच्या दोरीवरचा हात काढला. गोल्फवाल्याची पाहुणी आहे म्हटल्यावर त्यानं ड्रायव्हरला थांब म्हणून ओरडून सांगितलं. तोंड खिडकीबाहेर काढून तो म्हणाला, बोला ताई, बोलून घ्या, पुढची गाडी दोन तासांनी हाय. खिडक्यांतून आणखी डोकी बाहेर आली. इंजिनचा आवाज इतका होता की मला ओरडावं लागणार होतं, आणि ओरडायला मी कधी शिकले नव्हते. ते नोटिशीसारखं पहिलं वाक्य आठवेना. मी श्वास घेतला. नेमक्या त्याच वेळी ड्रायव्हरनं, नीट ऐकू यावं म्हणून, इंजिन बंद केलं. त्या शांततेत, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले:

“काका, तुमची लाइन चुकली नव्हती. बाबांनी तुम्हाला घोड्यापायी सोडलं. तो त्यांनी दिलाच नव्हता. मी त्यांच्या कपाटातून चोरला, आणि त्यांना वाटलं तुम्ही चोरला, आणि मला विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं.”